उगाचचं वळण

पहाटे तीनला रुवी सोडलं.
दोस्तैनच्या गाडीत मागे दोन सायकली,
पुढची चाकं काढून, चादरीत गुंडाळून,
इस्पितळात नेताना पेशंट आडवा करावा तशा.
बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलिसाने
गाडी चारही चाकांनी ओढते ना, एवढंच पाहिलं.
मग घाट. कानांना दोनदा दडे बसले, दोनदा सुटले.

सैकच्या पठारावर उतरलो तर थंडी.
आखातात थंडी म्हणून आजऱ्याला फोन केला असता
तर आई म्हणाली असती, एसी बारीक कर.

आठवडाभर मी दुकानाच्या अंधाऱ्या खोलीत
लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत असतो.
हे बरं, की हे?
आता सांगा, पहिलं की दुसरं?
लोक गोंधळतात,
काहीजण पाठ केलेली अक्षरं म्हणून दाखवतात.
इथे वाट फुटली की डोंगर मलाच ते विचारतो
आणि मी तोंड उघडायच्या आत
पुढचं चाक उत्तर देऊन मोकळं होतं.

वाट म्हणजे शेळ्यांनी ओढलेली रेघ.
चढाला मागचं चाक सुट्या खडीत फिरत राहतं,
सायकल जागची हलत नाही,
मांड्या पेटतात, घाम भुवईत साचतो.
मग उतार:
कंबर सीटच्या मागे, कोपरं सैल,
ब्रेकवर एकेकच बोट,
आणि जीभ दातांच्या आत, नीट.

दोन्हीकडे अलअलान.
आजऱ्याचा माणूस याला जंगल म्हणणार नाही.
आमच्या जंगलात हाक ऐकू येते, माणूस दिसत नाही.
इथे झाडं एकमेकांपासून लांब लांब,
एका घागरीत सगळ्यांचं भागवायचं ठरवून बसल्यासारखी.
बुंधे धुणं पिळावं तसे पिळलेले,
अर्धं अंग राखाडी, अर्धं हिरवं,
आणि टायरखाली चिरडलेल्या निळ्या फळांचा
वैद्याच्या कपाटासारखा वास.

दुसऱ्या उतारावर काटा लागला.
दोस्तैन केव्हाच पुढे, त्याची धूळही खाली बसलेली.
ट्यूब बदलतोय तोवर समोर शेळ्या
आणि शेळ्यांच्या मागे खल्फान.
आधी चष्मा ओळखला मी, माणूस नंतर.
उजवा उणे साडेतीन, डावा उणे दोन,
एक काडी तुटलेली, नायलॉनच्या दोऱ्याने कानाला बांधलेली.
"तुझी काच चांगली," तो म्हणाला, "काडी खोटी."
म्हटलं, दुकानात या, बदलून देतो.
"दुकान खाली आहे," म्हणाला,
जसं काही विहिरीच्या तळाशी आहे.
थर्मासमधला कहवा झाला, तीन खजूर झाले,
मग मनगट धरून त्याने मला चार पावलं नेलं.

वाटेच्या अगदी कडेला
दगडांचं एक कडं, आणि त्यात
करंगळीएवढं रोप.
"आठ वर्षांत हे एकच दिसलं.
म्हाताऱ्या झाडांना पोरं होत नाहीत आता.
शेळ्यांचं मी बघतो."
आणि त्याने माझ्या टायरच्या दातऱ्यांकडे पाहिलं.
पुढे काही बोलला नाही.

दोस्तैन शिव्या देत परत चढून आला,
रोप पाहून बाह्या सरसावल्या.
तासभर आम्ही तिघांनी दगड वाहिले.
जुनी रेघ वाळक्या ओंडक्याने बंद केली,
नवी डावीकडून काढली, कातळाखालून, खडीतून,
जिथे कुणीही शहाणा सायकल नेणार नाही.

आता तिथे ऐन वेगात वाट उगाच वळते.
परवा मस्कतची पोरं कुरकुरत होती,
एवढा छान सरळ उतार कुठल्या आंधळ्याने बिघडवला?
मी हेल्मेटचा पट्टा आवळत राहिलो.
पाठीवरच्या पिशवीत, पान्यांच्या शेजारी,
रुमालात बांधलेली एक तपकिरी काडी आहे,
डाव्या कानाची.
चार शुक्रवार झाले. खल्फान भेटलेला नाही.