घरचा कावळा

नेरूळ, सेक्टर अठ्ठेचाळीस. ओट्यावरच्या काट्यावर
केनियाची दोन पुस्तकं तोलते आहे:
चित्रांचं नऊशे ग्रॅम, फोटोंचं साडेसहाशे.
हेरंब म्हणतो, हलकं घे, गुडघे बघ आधी.
पण फोटोतला पक्षी त्या एका सकाळचाच असतो;
चित्रातल्याने सगळे ऋतू काढलेले असतात.

शिंजीरच तीसेक, डोकं फिरवणारे.
पेन्सिलीने खुणा करत शेवटाकडे येते
तर आपला कावळा! तीच राखाडी मान.
‘जहाजातून आलेला. किनाऱ्यावर उपद्रव.’

माझे तर व्हिसाचे फोटोही काढायचे राहिलेत.

जडवालं बॅगेत. चपलांचा एक जोड बाहेर.
ग्रिलवर तो आलाच, मान तिरकी करून.
मोंबासात कुणी आहे का रे तुझं?

नुसती पोळी घेतो.