कड

शिवकन्या घोळवे, वय चोवीस, मुक्काम धारूर.
महा ई-सेवा केंद्रात लोकांचे उत्पन्नाचे दाखले भरते.
"खाली वाकले की अंधारी येतीय मॅडम,
दोन सेकंद. मग दिसतंय परत.
आन् कानात गिरणी चालल्यावानी,
रात्री तर लईच."

मी दिवा मालवते. तिच्या श्वासाला
शेंगदाण्याच्या चटणीचा वास.
बाहुलीतून आत, भिंग बदलत बदलत,
आणि तिथे, जिथे नस डोळ्यात शिरते,
जिथे नाण्यासारखी कोरीव कड हवी,
तिथे कडच नाही.
तव्यावर टम्म फुगलेली भाकरी.
(हे केसपेपरवर लिहीत नाहीत.)
डाव्या डोळ्यातही तेच.

दोन्हीकडे सूज, म्हणजे खोट डोळ्यात नसावी,
वर कुठंतरी दाब असावा.
बीपी एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर.
गाठ? शिरेत अडकलेली रक्ताची गुठळी?
टीबी? आपल्याकडं तो कशातही निघतो.
मी विचारत जाते, ती मान हलवत जाते.
बीपीची गोळी? नाही. थायरॉईडची? नाही.
पाळीची?
ती भावाकडं बघते, भाऊ पंख्याकडं.
नाही.

एमआरआयला लातूर.
रेणापूरपर्यंत भाऊ बोललाच नाही म्हणे,
मग एकदम म्हणाला, गाठ निघाली तर प्लॉट विकू.
गाठ नाही. गुठळी नाही.
सरांनी फिल्म खिडकीला धरून दोनदा पाहिली,
"मणक्यातलं पाणी काढा," एवढंच म्हणाले.

कुशीवर, गुडघे पोटाशी. सुई.
काचेच्या नळीत पाणी चढू लागलं.
वीस. पंचवीस.
सहाशे फुटांवर बोअर कोरडी जाते त्या मुलखात
पाणी वर चढताना बघणं
मला आवडायला हवं होतं.
चौतीसवर थांबलं.

कारण सापडलं ते आधार कार्ड शोधताना.
कौसर सिस्टरांनी पर्स पलंगावर उपडी केली:
हेअरक्लिपा, एसटीची तिकिटं, पासपोर्ट फोटो,
आणि कॅप्सूलची पट्टी, दहातल्या चार शिल्लक.
डॉक्सीसायक्लिन.
"हे कधीपासून?"
"चार महिने झाले की. मेडिकलवाल्यानं दिल्या, पिंपल्सच्या.
बायोडाट्याला फोटो काढायचाय ना."
"मग सांगितलं का नाही?"
"तुम्ही आजाराच्या विचारल्या. ह्या तर चेहऱ्याच्या."

सहा आठवड्यांनी पुन्हा अंधार, पुन्हा भिंग.
कानाच्या बाजूची कड आधी परतलीय,
नाकाकडची अजून पुसट.
गिरणी बंद झाली, ती सांगते.
मी आता प्रत्येकाला विचारते:
तोंडाला काय लावता, केसांना काय,
कुणाच्या सांगण्यावरून काय गिळता.
लोक वैतागतात.

दिवा लावते. तिच्या गालावर
नवे तीन-चार उमटलेले, लाल.
"डोळ्याचं झालं मॅडम," ती हळूच म्हणते,
"पण आता ह्याचं काय करू?
रविवारी पाहुणे यायलेत."