रद्दी

आई पत्रं रद्दीत देत नसे.
वर्तमानपत्रं द्यायची, दिवाळी अंक द्यायची,
माझ्या चौथीच्या वह्यासुद्धा, पुठ्ठे काढून.
पत्रं मात्र बंबात.
म्हणायची, उद्या कुणी शेंगदाणे खाईल
आणि पुडी उलगडून वाचेल
तुझ्या मावशीचं काय झालं ते.

डुलुथमध्ये बंब नाही.
खिडकीत, मिसेस लाहतींनी दिलेल्या जिरेनियमशेजारी
एक काळी डबी आहे, हिरवा डोळा मिचकावणारी.
महिन्याला चौऱ्याऐंशी डॉलर.
इतकी वर्षं मला वाटायचं,
पैसे आपण देतो म्हणजे गिऱ्हाईक आपण.

काय विचारते मी तिला?
भगर कुठे मिळेल.
गुडघ्यात पाणी होतं म्हणजे नक्की काय होतं.
आणि अच्युत झोपले की
टूसॉनचं हवामान.
नुसतं हवामान.
निहारचं नाव मी कधी टाइप केलं नाही.
त्याच्या लग्नाला आम्ही गेलो नाही, त्याला सहा वर्षं झाली.
नाव टाइप करायचा हक्क
माझा मीच काढून घेतलाय.

मग पाकिटं यायला लागली.
टूसॉनमध्ये घर बघताय?
सामान हलवायचंय?
निवडुंगांच्या सावलीत निवांत म्हातारपण!
(निवडुंगाला कधीपासून सावली?)
बर्फात बूट रुतवत मी पेटीपाशी जायची,
अच्युतच्या आधी,
आणि कणकेच्या डब्यामागे सगळं खुपसून ठेवायची.

शेवटी फोन केला. पलीकडची मुलगी गोड होती.
"नावं नाही विकत आम्ही, मॅम. फक्त आवडी."
मी म्हटलं, अगं, ही आवड नाही.
तिच्या पडद्यावर त्याला दुसरा रकाना नव्हता.

कायद्याने मागता येतं म्हणून मागितलं.
नऊ आठवड्यांनी अकरा पानं आली.
घरात प्रौढ: दोन.
भारतीय किराणा: अधिक. सांधेदुखी: अधिक.
टूसॉन: अत्यधिक. उपकरणं: दोन.
वेळ: रात्री अकरा ते साडेअकरा,
आणि पहाटे चार ते पावणेपाच.

पहाटे चारला मी गाढ झोपेत असते.
चारला कोण उठतं ते मला ठाऊक आहे.
प्रोस्टेट, म्हणतात.
जरा पाणी पिऊन येतो, म्हणतात.

सातव्या पानावर, दुसऱ्या उपकरणाखाली,
आणखी एक ओळ होती:
लहान मुलांचे बूट. वय दोन ते तीन.

मी पायरीवरच बसले, कोट न काढता.

त्याच्याखाली, ज्यांना ज्यांना विकलं त्यांची यादी.
सात कंपन्या.
म्हणजे सात जणांना माहीत होतं
मी आजी झाले ते.
माझ्याआधी. भाव ठरवून.
आणि माझ्याच घरात, माझ्याच उशीला उशी लावून
आठवा झोपलेला.

आई, बंब पेटवून काय उपयोग झाला असता?
पुडी उलगडून वाचणारी
मीच निघाले.

राग कुणावर धरावा, ते मला अजून लावता येत नाही.
चोराला चोर म्हणावं, तर त्याच्याच पोत्यात
घरचं हरवलेलं सापडलं.
आणि सापडलं म्हणून हात जोडावेत,
तर ते मला अच्युतनी सांगायचं होतं, कधीतरी,
भांडी पुसता पुसता,
माझ्याकडे न बघता.
ते सांगणंच विकलं गेलं.

अकरा पानं बारीक फाडली.
मूळ प्रत अर्थात त्यांच्याकडेच.

सकाळी चहा घेताना
अच्युत खिडकीकडे बघून म्हणाले, "उणे अकरा आज."
मी म्हटलं, "तिकडे अडुसष्ट."

चमचा कपातच थांबला.
सरोवरावरून एका बोटीचा भोंगा आला, लांबलचक,
पूल वर उचला म्हणणारा.
तो पुरता विरेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मग म्हणाले,
"रात्री पडते थंडी.
मोजे लागतात."