हातचा

अटलांटिक सिटीत नोव्हेंबरचा समुद्र
पाळी लागलेल्या माणसासारखा येतो,
फळ्यांच्या रस्त्याखाली डोकं घालतो, परत जातो.
मी तीन रकाने घेऊन आले आहे:
नीतिमत्ता, राजकीय देणग्या, कामगारांची सुरक्षा.
शंभरपैकी.

पहिला सोपा.
'सिल्व्हर हेरन'ची आचारसंहिता बेचाळीस पानांची,
मुखपृष्ठावर बगळा, एका पायावर उभा.
आमच्याकडे बगळ्याच्या ध्यानाला
केव्हाच गुण देऊन झालेत,
पण अहवालात म्हणी चालत नाहीत.
'सचोटी' सतरा वेळा. मी मोजलं.
अठ्ठ्याहत्तर.

दुसऱ्यासाठी रात्रभर हॉटेलात पावत्या.
दोन्ही पक्षांना जवळपास सारखे पैसे,
मुरलेला जुगारी लालवरही लावतो, काळ्यावरही,
घाबरतो फक्त हिरव्या शून्याला.
मग एक नाव: 'मोकळा श्वास नागरिक समिती'.
वाचून बरं वाटलं.
पत्ता पाहिला तर कॅसिनोच्याच पार्किंगचा तिसरा मजला.
समितीने सगळे पैसे लावले एकाच विधेयकाविरुद्ध,
ज्याचं म्हणणं एवढंच होतं
की पत्त्यांच्या टेबलावर सिगारेट नको.
ते चर्चेला यायच्या आधीच गेलं.
पण सगळं जाहीर केलेलं, तारखेसकट,
आणि जाहीर केलं की गुण द्यायचे असा नियम आहे.
नियम मीच लिहिलाय, तीन वर्षांपूर्वी,
लिहिताना स्वतःवर खूश होते.
नव्वद.

तिसरा रकाना म्हणजे तुयेत.
बावीस वर्षं ब्लॅकजॅक वाटते.
लाँड्रीमागच्या बोळात भेटली, हातात उकडलेलं अंडं,
बोलताना सोलत होती, टरफलं खिशात टाकत होती.
म्हणाली, धूर तोंडावर आला तरी हाताने वारता येत नाही,
डोक्यावर कॅमेरा. हात हलला की खूण समजतात.
म्हणून ती मान वळवते, जराशी, दोन पत्त्यांच्या मध्ये,
पोहणारी माणसं श्वासापुरती वळवतात तशी.
आणि खोकला?
तो सुट्टीच्या वीस मिनिटांत उरकते.
मग तिने अंडं दोन घासांत संपवलं आणि तेही उरकलं.

माझ्या फॉर्मात इजा म्हणजे पडणं, कापणं, भाजणं, पाठ.
खोकला 'इतर'मध्ये जातो.
'इतर'ला शून्याने गुणायचं.

टेबल सोडताना तिला टाळी वाजवावी लागते,
मग तळवे वर, तळवे खाली,
छताकडे दाखवून: बघा, काही नेत नाही.
आमच्या भाषेत याला हात झटकणं म्हणतात,
आणि ते सहसा मालक करतात.
ती काय घेऊन जाते ते
छातीच्या आत असल्याने
कॅमेऱ्याला दिसत नाही.
शेहेचाळीस.

मिरजेच्या शाळेत उपळेकर बाई सांगायच्या,
जे एका घरात मावत नाही तो हातचा.
डोक्यावर लिहून ठेवा, पुढच्या घरात मिळवा,
विसरलात तर बेरीज दिसेल बरोबर आणि असेल चूक.
मी तुयेतचा खोकला हातचा धरलाय.
पुढचं घर मात्र सापडत नाही.
सॉफ्टवेअरने सरासरी काढली:
एकाहत्तर पूर्णांक तीन दशांश. 'चांगला'.
म्हणजे शिक्षकांचे, नर्सेसचे, अग्निशामकांचे पेन्शन फंड
हे शेअर बिनघोर घेऊ शकतात.
माझाही घेत असेल. मी बघितलं नाही.

परत आल्यावर खर्चाचा तक्ता भरला:
बस, दोन रात्री, एक सूप,
कोटाची ड्रायक्लीनिंग, चौदा डॉलर.
कारण विचारलं होतं. लिहिलं: धूर.
एका दिवसात मंजूर झालं.