अर्धं तिकीट

विजेचं बिल टेबलावर पालथं घालून
त्याच्या कोऱ्या पाठीवर मी ग्दान्स्क मांडते.
दोन रात्री, तीन दिवस, नोव्हेंबर.
नोव्हेंबर अशासाठी, की समुद्राला तेव्हा गिऱ्हाईक नसतं
आणि वसतिगृहवाले पलंगाचे दर उतरवतात.

ओस्त्राव्हात ट्राम चालवणाऱ्या बाईला
मिनिटांचा हिशेब जमतो,
पैशांचा जमवावा लागतो.
पहाटे पाच चाळीसची गाडी. बोहुमीनला बदल.
पाव, उकडलेली अंडी, थर्मास घरून.
जेवण एकदाच बाहेर, जिथे ताट आपलं आपण उचलायचं, तिथे.
एक म्यूझियम फुकट असतं म्हणे,
डेपोतल्या झोराने सांगितलं,
वार मात्र तिला आठवत नाही.

विलेम हेडफोनचा एक कान मोकळा करतो.
एकच. दुसरा अजून कुठेतरी परगावी.
"पाच चाळीस? सहलीला जातोय की कामाला?"
"तीच स्वस्त आहे."
मग त्याच्या अटी.
तिथे अकराच्या आत उठवायचं नाही.
चर्चचा मनोरा एकच, तोही लिफ्ट असेल तर.
फोटो काढायचा नाही, काढलाच तर आजीला पाठवायचा नाही.
बंदरातल्या क्रेन मात्र बघायच्या,
अख्खी दुपार गेली तरी चालेल.
क्रेनला तिकीट नाही.
मी घाईघाईने लिहून घेते, त्याचं मन बदलायच्या आत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण याचे पाय उन्हाळ्यापासून अंथरुणाबाहेर लोंबताहेत
आणि वसतिगृहाचा पलंग एकशे नव्वद सेंटिमीटर.
तिरका झोपेल.

"सोळाला परत का?" तो विचारतो.
"सोमवारी ड्यूटी आहे."
"पुढच्या आठवड्यात तुला चार दिवस सुट्टी आहे. फ्रिजवर लावलंय."
मी थर्मासचं झाकण फिरवते, ते घट्टच असतं.
एकोणीसला त्याला पंधरा पुरी होतात.
तोवर अर्धं तिकीट.
साऱ्या बेताची किल्ली हीच होती
आणि ती मी बिलावर लिहिलेली नव्हती.

"ब्रनोला जाताना," तो म्हणतो,
आता दोन्ही कान मोकळे,
"तपासनिसाने मला मान वर करून पाहिलं होतं.
चौदा? असं विचारलं. मला विचारलं.
तू माझ्या आधी बोललीस.
मला तोंड होतं."

त्याच्या वरच्या ओठावर
कुणी पेन्सिलने रेघ काढून खोडावी तसं काहीतरी.
मी ते रोज बघते. म्हणजे रोज बघत नाही.

तो पेन घेतो, तारखा खोडतो,
तेवीस लिहितो, माझ्यासारखाच सात वाटेल असा तीन काढून.
अर्ध्यावर काट मारून लिहितो: पूर्ण.
बेरीज तीनशे चाळीस कोरुनांनी कोसळते.
मला वाटतं, आता म्हणेल, माझ्याकडचे घे.
तो म्हणतो, "मनोरा काढून टाक. अंडी वाढव."
आणि दारातून, पाठमोरा,
"पाच चाळीसच राहू दे."

रात्री दहाला तिकीट काढायला बसते.
प्रौढ किती? मी एक वाढवते.
मुलं किती? तिथला एक
आपोआप शून्य होत नाही,
आपल्याच बोटाने उतरवावा लागतो.
बोट जरा वेळ तिथेच राहतं.
बिल सरळ करून पाहते, भरायची तारीख उलटलेली.
ते उद्या.

मग पडदा आसनांबद्दल विचारतो,
मी मोठ्याने वाचते, उगाच, घरभर ऐकू जाईल असं,
आणि बंद दारामागून
अर्धा फुटलेला, अर्धा जुना आवाज येतो:
"खिडकी माझी!"