ओसरी

पहिल्या दिवशी मी त्यांना कप दाखवला, कपाचं चित्र,
आणि ते म्हणाले, "आय."
किल्ली दाखवली. "आय."
घड्याळ, छत्री, कुत्रा. आय, आय, आय.
एकोणचाळीस वर्षं लॅटिन शिकवलेल्या तोंडात
मेंदूतल्या गुठळीनं एवढाच शब्द शिल्लक ठेवला होता.
टाइन नदीच्या या काठावर त्याचा अर्थ 'हो'.
माझ्या कानाला मात्र तो दर वेळी आजऱ्याचा लागायचा,
दारात चप्पल काढता काढता
कुणीतरी आईला हाक मारावी तसा.

फाइलवर होतं: सेड्रिक हेदरिंग्टन, वय अठ्ठ्याहत्तर, उजवी बाजू लुळी.
फाइलवर नव्हतं ते विल्फनं सांगितलं.
विल्फ गोदीत वेल्डर. गोदी बंद पडली तेव्हा एकतीसचा.
दर मंगळवारी, वॉल्सेंडच्या लायब्ररीत, हीटरपाशी
सर फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढायचे:
इकडे आपल्या हातातलं, तिकडे हाताबाहेरचं.
"मी सगळं तिकडेच लिहिलं," विल्फ म्हणाला,
"गोदी, बायको, पाठ, बाटली.
सरांनी बाटली पुसली आणि इकडे लिहिली.
बोलले काहीच नाहीत. खडू झटकला."

मला पटलं नाही, खरं सांगते.
माझ्या मावशीनं चाळीस वर्षं सोसलं,
दात आवळून, चुलीपाशी, पाहुण्यांना हसून वाढत.
तिला कुणी तत्त्वज्ञ म्हटलं नाही.
म्हटलं असतं तर तिनं पळी फेकून मारली असती.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी चित्रं भिरकावली, डाव्या हातानं.
उजवा मांडीवर होता,
कुणाचा तरी बसमध्ये राहून गेलेला हातमोजा.
हा हात रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायचा, सर?
हातच हातात नाही.
विचारलं नाही. वाकून कप उचलला, किल्ली उचलली,
कुत्रा कपाटाखाली गेला होता.
ते रडत होते.
विल्फ खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"पहिलं रडू हिशेबात धरायचं नाही, शिकवलंय त्यांनी.
ते शिंकेसारखं.
त्यावर आपण पुढे जी गोष्ट रचतो, ती मात्र आपली."

त्या रात्री मी शोधलं, या पंथाला नाव कशावरून पडलं.
ओसरीवरून.
अथेन्सच्या बाजारालगत खांबांची एक ओसरी,
जहाज बुडून कफल्लक झालेला एक व्यापारी म्हणे
तिथे येरझारा घालत बोलायचा.
आणि त्या बोलण्याचं टोक
दोन हजार तीनशे वर्षांनी
एका वेल्डरच्या फ्रीजवर, चुंबकाखाली, त्याच्या अक्षरात:
बाटली इकडे.

आता मंगळवारचा वर्ग सरांच्याच दारापुढच्या काचेच्या ओसरीत भरतो.
धड घरात नाही, धड बाहेर नाही. चपला काढायच्या की नाही, कुणाला ठरवता येत नाही.
विल्फ येतो, डोरीन येते, जिचा मुलगा डरहॅमच्या तुरुंगात आहे,
आणि कधीकधी मी, फाइल गाडीत ठेवून.
विल्फ मोठ्यानं वाचतो. लॅटिन शब्द चुकला की
सरांचं डावं बोट वर होतं.
तो पुन्हा म्हणतो. पुन्हा चुकतो. बोट तसंच.
चहा निवतो.

गेल्या मंगळवारी काचेवर वाफ धरली होती.
सरांनी त्याच बोटानं रेघ ओढली,
वाकडी, मधे थांबत, खाली येता येता घसरलेली.
रेघेतून नदी दिसली, तिच्यापलीकडे एक क्रेन.
मी खरा कप त्यांच्यापुढे धरला. कान तुटलेला.
त्यांनी पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहिलं,
घशात काहीतरी अडलं, 'क'सारखं,
डोरीननं श्वास रोखला.

"आय," ते म्हणाले, आणि कप घेतला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: नामं, वीसपैकी शून्य.
खाली 'प्रगती' म्हणून रकाना होता.
पेन उघडं ठेवून बराच वेळ बसले.
मग मावशीला फोन लावला.
तिनं उचलला नाही.