पुढून उघडणारं

दवाखान्याच्या बॅगेत मी जीन्स भरली होती,
घरी येतानाची.
नर्सने ती वर धरली, माझ्याकडे पाहिलं,
आणि काही न बोलता घडी घालून परत ठेवली.
घरी आले ती तिथल्याच गाऊनमध्ये, वर आईची शाल.
बोपोडीच्या सिग्नलला रिक्षा थांबली,
शेजारच्या बसमधून कुणीतरी टक लावून बघत होतं
आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही.

मग खरेदी झाली.
निरंजन तुळशीबागेत गेला, एकटाच,
आणि फोटो पाठवत राहिला:
हा चालेल? चेन कुठे हवी?
दोन्हीकडे म्हणजे कुठे दोन्हीकडे?
दुकानदार म्हणतो फ्री साइज.
तीन आणले. गुलाबी, छातीवर अस्वल.
ऑगस्ट, खोलीत शेगडी, खिडक्या बंद,
शेपाची धुरी, आणि अंगावर पॉलिस्टर.
चेनचे दात लेकीच्या गालावर उमटायचे,
रेल्वेच्या रुळांसारखे, बारीक.

शालनमावशी म्हणाली, पोट बांध, नाहीतर सुटेल.
ते सुटलंच होतं. मऊ, रिकामं,
पाहुणे गेल्यावरच्या सतरंजीसारखं.
आणि टाके जिथे होते
नेमकी तिथेच जगातली सगळी इलॅस्टिकं येऊन थांबायची.
परकराची नाडी तिथे. सलवारीची तिथे.
कपडे शिवणाऱ्यांनी बाईच्या अंगावर
कधीकाळी एक रेघ ओढून ठेवलीय,
डॉक्टरांनी कापायलाही तीच निवडली.

अकराव्या रात्री, तीन वाजता,
तिन्ही अस्वलं दोरीवर ओली
आणि मी दुधाने भिजलेली.
अंधारात कपाटात हात घातला, लागलं ते ओढलं.
बाबांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट.
दापोडीच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
शर्ट अजून नोकरीत असल्यासारखा, खिशाखाली शाईचा डाग.
इतक्या वेळा धुतलेला की कापड कापड राहिलं नव्हतं,
नुसता स्पर्श.
पुढून उघडणारा!
एका हाताने वरून दोन बटणं, बस.
खाली त्यांचीच लुंगी, गाठ टाक्यांच्या वर, बरगडीपाशी.
मी आरशात बघितलं नाही.
लेक प्यायली, झोपली, मी पण.

सकाळी बाबा चहा घेऊन दारात.
"हा माझा..." एवढंच म्हणाले.
कप स्टुलावर ठेवला आणि गेले.
मावशी बघून म्हणाली, अगं बाई, लुंगी!
आईला हसू आवरेना.
तिचंही पोट दुखेपर्यंत हसली ती,
मी म्हटलं, मला नको हसवूस, टाके आहेत.

दिवसभर गॅलरीतून काही आवाज नाही,
फक्त मधून ब्लेडची खरखर.
संध्याकाळी खुर्चीवर चार शर्ट,
वर्कशॉपच्या शिस्तीत, कड्याला कडा.
कडक कॉलरी उसवून काढलेल्या.
वरच्या दोन बटणांच्या जागी टिचबटणं,
टाके जरा वाकडे, दोरा खाकी.
बाबांना सुईत दोरा ओवता येतो
हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं.
प्रत्येक खिशात एक रुमाल, चौकोनी.
कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही,
दुसऱ्या दिवशी चारही धुवायला पडले.

बारशाला मी साडी नेसले. हिरवी, काठाची.
दीड तास छान दिसले.
मग तिने तोंड उघडलं.
मी आत गेले, दार लावलं,
पिना शोधत बसले एकेक,
आणि बाहेर सगळ्या बायका
तिच्या कानात नाव सांगायला थांबल्या होत्या.
नाव थांबलं थोडं.
मी शर्ट चढवला
टक्, टक्, दोन बटणं.